फ्लूवर ऑसेल्टामिविर दिलं, अँटिबायोटिक नाही दिलं. बरोबर आहे का?

आरोही_ठाणे

नमस्कार मंडळी. बाबांचं वय ६९, मधुमेह आहे, शिवाय जुना दमा आणि रोजचा इनहेलर. परवा रात्री त्यांना सणकून ताप भरला. अंग मोडून आलं, घसा धरला, कोरडा खोकला सुरू झाला. काल सकाळी नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. नाकातून स्वॅब घेऊन तिथेच चाचणी केली, इन्फ्लुएन्झा ए निघाला. डॉक्टरांनी ऑसेल्टामिविर (फ्लूच्या विषाणूवरचं औषध) ७५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ पाच दिवस लिहून दिलं आणि तापाला पॅरासिटामॉल. अँटिबायोटिक विचारलं तर म्हणाले, "आत्ता गरज नाही. ताप उतरून परत चढला तर मात्र वाट न बघता या."

आता घरात दोन तट पडलेत. आत्याचं म्हणणं, या वयात न्यूमोनिया व्हायची वाट कसली बघता, अ‍ॅझिथ्रोमायसिन आजच सुरू करा, तिच्या सोसायटीत सगळ्यांना तेच देतात. भावाचं म्हणणं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. मला बाबांची काळजी आहे आणि दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतेय. ऑसेल्टामिविरने पुढचा न्यूमोनिया टळतो का? अँटिबायोटिक आधीच दिलं तर काय बिघडतं? आणि "परत ताप चढला तर" यात नेमकं काय बघायचं?

खारी_बटर

वाचतेय. आमच्याकडेही गल्लीत घरटी एक तरी तापाने झोपलाय. बाबांना लवकर आराम पडो.

केमिस्टकाका_कोल्हापूर

आरोहीताई, डॉक्टरांनी अगदी योग्य केलंय असं माझं मत. काउंटरवर उभा राहून रोज बघतो. पाऊस लागला की "अ‍ॅझी पाचशेचं तीन दिवसांचं पाकीट द्या" म्हणणारे चिठ्ठीशिवाय येतात. पाकिटावर ठळक लाल रेघ असते, ती चिठ्ठीशिवाय विकायचं औषध नाही हे सांगायलाच छापलेली असते. मी नाही म्हटलं की लोक समोरच्या दुकानात जातात, याचं फार वाईट वाटतं.

उलट ऑसेल्टामिविर हे ज्याला वेळेवर मिळायला हवं त्याला उशिरा मिळतं. लोक तीन-चार दिवस घरी काढतात, मग डॉक्टर, मग चाचणी, मग माझ्याकडे. तोवर औषध सर्वात उपयोगी पडतं ते पहिले ४८ तास गेलेले असतात. तुमच्या बाबांना वेळेत सुरू झालं, ही मोठी गोष्ट आहे.

पेठेतला_जुना

काका, आता हे औषध चिठ्ठी दाखवून कुठेही मिळतं. २००९ आठवतं का? ३ ऑगस्टला पुण्यात शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी. त्यानंतर शहराचं चित्रच पालटलं. शाळा बंद, सिनेमागृहं बंद, नायडू हॉस्पिटलसमोर तपासणीसाठी रांगाच रांगा. टॅमिफ्लू, म्हणजे हेच ऑसेल्टामिविर, दुकानात मिळतच नव्हतं, फक्त सरकारी यंत्रणेकडे. लोक रुमालात कापूर आणि वेलची बांधून हुंगत फिरायचे. मास्क मिळेनात म्हणून घरोघरी सुती कापडाचे शिवले. पुण्याने मास्क लावला तो करोनाच्या आधी अकरा वर्षं.

तेव्हा एक गोष्ट मनात बसली, फ्लू म्हणजे नुसती सर्दी नव्हे. आमच्या आजोबांच्या घरातली तीन माणसं १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे फ्लूच्या साथीत, गेली. आजी सांगायची, ताप उतरला म्हणून माणूस अंगणात येऊन बसायचा आणि दोन दिवसांनी छाती भरून जायचा.

केमिस्टकाका_कोल्हापूर

बरोबर आठवतंय तुम्हाला. २००९ च्या सप्टेंबरात सरकारने किरकोळ विक्रीला परवानगी दिली खरी, पण ती शेड्यूल एक्सखाली, म्हणजे वेगळा परवाना, वेगळी नोंदवही, चिठ्ठीची प्रत जपून ठेवायची. गावाकडच्या बहुतेक दुकानांकडे तो परवानाच नव्हता. २०१७ मध्ये ते शेड्यूल एच-वनमध्ये आणलं, म्हणजे चिठ्ठी आणि नोंद लागते पण तो वेगळा परवाना नको, तेव्हा कुठे तालुक्याच्या दुकानात दिसायला लागलं.

मिरजेची_सुखदा

सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पेठेतल्या जुन्यांच्या आजीने जे पाहिलं त्याचं उत्तर पुढे सापडलं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या मोरेन्स, टॉबेनबर्गर आणि फाउची या तिघांनी १९१८-१९ मधल्या ५८ शवविच्छेदनांतले जपून ठेवलेले फुप्फुसांचे तुकडे पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शिवाय त्या काळचे आठ हजारांवर शवविच्छेदनांचे अहवाल वाचले. निष्कर्ष असा की बहुतेक मृत्यू विषाणूने वाट मोकळी केल्यावर शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले. न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस, सगळे ओळखीचे. तेव्हा पेनिसिलिनचा शोधही लागायचा होता.

आता हे घडतं कसं. आपल्या श्वासनळीच्या आतल्या पेशींवर बारीक केसांचं आवरण असतं, ते सतत हलून धूळ आणि कफ वर ढकलत राहतं. फ्लूचा विषाणू नेमक्या याच पेशी मारतो. भिंतीचा गिलावा पडला की ओल आत शिरते, तसं उघड्या पडलेल्या अस्तरावर जिवाणू चिकटतात. हे जिवाणू बाहेरून यावे लागतात असंही नाही. न्यूमोकोकस कित्येक निरोगी माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या नाका-घशात एरवीही मुक्कामाला असतो. त्यात विषाणूशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं, त्यांतल्या काहींमुळे फुप्फुसातल्या भक्षक पेशींची जिवाणू गिळायची ताकद काही काळ मंदावते. साधारण पहिला आठवडा संपता संपता हा धोका सर्वात जास्त असतो.

आणि आरोही, तुझ्या पहिल्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट. विषाणूच्या अंगावर न्यूरामिनिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते आपल्या पेशींवरची सायलिक आम्लाची टोकं छाटतं. विषाणूला त्याने पेशीतून सुटून पुढे पसरता येतं, पण टोकं छाटल्यावर उघडी पडलेली जागा न्यूमोकोकसला चिकटायला सोयीची होते. ऑसेल्टामिविर हेच विकर अडवतं. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत हे औषध दिलेले उंदीर नंतरच्या न्यूमोकोकसच्या न्यूमोनियातून जास्त संख्येने वाचले. म्हणजे तर्क पक्का आहे. माणसांत किती फरक पडतो, तो वेगळा वाद.

आकडेमोड

तोच वाद घालायला आलो. तर्क पक्का असणं आणि औषध उपयोगी ठरणं यात अंतर असतं. २०१४ चा कॉक्रेन आढावा वाचा, कॉक्रेन म्हणजे औषधांच्या चाचण्या एकत्र तपासणारी स्वतंत्र संस्था. कंपनीने वर्षानुवर्षं न दिलेले चाचण्यांचे पूर्ण अहवाल मागून मागून मिळवल्यावर तो झाला. प्रौढांमध्ये लक्षणं कमी व्हायला लागण्याचा काळ सरासरी १६.८ तासांनी घटला. सात दिवसांचे सव्वासहा. रुग्णालयात दाखल होणं कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. न्यूमोनिया कमी झाल्याचं दिसलं ते रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या निदानात. जिथे न्यूमोनियाची नीट व्याख्या करून तपासलं होतं, तिथे फरक दिसला नाही. आणि मळमळ, उलट्या मात्र नक्की वाढल्या. ब्रिटनने याच गोळ्यांचे साठे करायला चाळीस कोटी पौंडांहून जास्त पैसे घातले होते. तो पैसा इतर किती ठिकाणी लागला असता याचा विचार केला की जीव तुटतो.

मी औषध घेऊ नका म्हणत नाही. पण "ऑसेल्टामिविर चालू आहे म्हणजे न्यूमोनिया होणार नाही" असं कुणी आरोहीला सांगत असेल तर ते चूक आहे.

छातीचा_डॉक्टर_नाशिक

मी फुप्फुसरोगतज्ज्ञ आहे. रुग्ण न तपासता सल्ला देत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

आकडेमोड यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण त्या चाचण्यांत कोण होतं ते पाहा. बहुतेक एरवी धडधाकट माणसं, ज्यांना गुंतागुंत मुळात क्वचितच होते. जी गोष्ट क्वचित घडते, ती आणखी कमी झाली हे दाखवायला फार मोठी संख्या लागते. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डॉब्सन आणि सहकाऱ्यांनी त्याच चाचण्यांतल्या एकेका रुग्णाची माहिती एकत्र केली. ज्यांना खरोखर फ्लू होता त्यांच्यात, अँटिबायोटिक द्यावं लागेल असा छातीचा संसर्ग ऑसेल्टामिविर गटात ४.९ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात ८.७ टक्क्यांना.

दाखल रुग्णांचं चित्र वेगळं. २००९ च्या साथीतल्या २९ हजारांवर दाखल रुग्णांच्या नोंदी २०१४ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. पहिल्या दोन दिवसांत औषध मिळालेल्यांत मृत्यूची शक्यता, औषध न मिळालेल्यांच्या मानाने जवळपास निम्मी होती. त्या नोंदी आहेत, औषध कुणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेली चाचणी नव्हे, हे मान्य. पण वॉर्डात समोर धाप लागलेला माणूस असताना मी तो पुरावा बाजूला टाकू शकत नाही.

आकडेमोड

डॉक्टर, डॉब्सन यांच्या अभ्यासाला उत्पादक कंपनीचा पैसा होता, हेही लिहायला हवं. आणि २०२३ मध्ये दाखल नसलेल्या रुग्णांवरच्या चाचण्या पुन्हा एकत्र तपासल्या, तेव्हा दाखल होण्याचं प्रमाण घटल्याचं दिसलं नाही.

छातीचा_डॉक्टर_नाशिक

दोन्ही मुद्दे खरे. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जी मार्गदर्शक सूचना काढली, तिनेही हात आखडता घेतलाय. ऑसेल्टामिविर गंभीर रुग्णांसाठी, तेही सशर्त. सौम्य आजार पण धोका जास्त अशांसाठी बॅलॉक्साविर हे फ्लूवरचं दुसरं औषध. त्याच सूचनेत एक शिफारस मात्र ठाम आहे: आजार गंभीर नसेल आणि जिवाणूंचा संसर्ग असण्याची शक्यता कमी असेल, तर अँटिबायोटिक देऊ नये.

आपल्याकडे २००९ पासून आरोग्य खात्याचे अ, ब, क असे गट आहेत. साधा ताप-खोकला अ गटात, त्याला घरीच विश्रांती. वय ६५ च्या पुढे, मधुमेह, दमा, हृदयविकार, गरोदरपण, लहान मूल, हे ब गटाच्या दुसऱ्या भागात येतात, त्यांना चाचणीची वाट न बघता ऑसेल्टामिविर. धाप, छातीत दुखणं, रक्तदाब घसरणं, गुंगी, नखं-ओठ निळे पडणं, कफात रक्त, हा क गट, थेट रुग्णालय. आरोहीचे बाबा वय आणि आजार दोन्हींमुळे जोखमीच्या गटात बसतात, म्हणून त्यांच्या डॉक्टरांचा निर्णय मला समजतो. एक विचारा, अलीकडचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) त्यांनी पाहिलंय ना? मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर या औषधाची मात्रा कमी करतात, आणि मधुमेहात ते पाहायलाच हवं.

काढाप्रेमी

एवढं मोठं शास्त्र चाललंय त्यात माझं छोटंसं. टॅमिफ्लू चक्रीफुलापासून करतात ना? मग मी काढ्यात आलं, गवती चहा, तुळस आणि दोन चक्रीफुलं टाकतो. घरच्या घरी टॅमिफ्लू झालं की!

मिरजेची_सुखदा

काढाप्रेमी, काढा जरूर घ्या, घशाला बरं वाटतं. पण चक्रीफुलात असतं ते शिकिमिक आम्ल, ऑसेल्टामिविर नव्हे. त्या आम्लावर कारखान्यात कितीतरी टप्प्यांची रासायनिक प्रक्रिया झाल्यावर औषध होतं, आणि नुसतं आम्ल फ्लूवर चालत नाही. मसाल्यात ते छानच लागतं.

काढाप्रेमी

मग चक्रीफूल परत गोडा मसाल्याच्या डब्यात. सांगितलंत ते बरं झालं, शेजाऱ्यांनाही कळवतो.

भटकी_मांजर

माझा मुलगा पाच वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात त्याला ऑसेल्टामिविरचं सिरप दिलं होतं. पहिलाच डोस उलटून टाकला. मुलांना कितपत द्यावं, कुणी सांगेल का? आणि तापाला अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नका असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ते का?

छातीचा_डॉक्टर_नाशिक

मुलांची मात्रा वजनावर ठरते. साधारण पंधरा किलोपर्यंत ३० मिलिग्रॅम, तेवीसपर्यंत ४५, चाळीसपर्यंत ६०, त्यापुढे मोठ्यांएवढी, सगळी दिवसातून दोनदा. वर्षाच्या आतल्या बाळांचा हिशेब वेगळा. पोटात थोडं खाणं असताना दिलं तर उलटी कमी होते, दूधभाताचे चार घास पुरतात. पण ठरवायचं बालरोगतज्ज्ञांनी. अ‍ॅस्पिरिन टाळायचं कारण रे सिंड्रोम. फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन दिल्यास क्वचित यकृत आणि मेंदूवर जीवघेणा परिणाम होतो.

ओसाकाकर

जपानमधून लिहितोय. इथे हिवाळ्यात ताप आला की दवाखान्यात जागच्या जागी चाचणी आणि लगेच औषध, हे इतकं सवयीचं आहे की जगातल्या टॅमिफ्लूचा मोठा वाटा अनेक वर्षं इथेच खपला. मुलांना लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवस आणि ताप उतरल्यावर दोन दिवस शाळेत पाठवता येत नाही, तसा नियमच आहे. हा नियम मला औषधापेक्षा मोलाचा वाटतो. पुण्यात माझ्या भाच्याला ताप उतरला त्याच दिवशी युनिट टेस्टला पाठवलं, तेव्हा फोनवर बहिणीशी भांडलो होतो.

वर बॅलॉक्साविरचा उल्लेख आलाय. ते इथल्याच शिओनोगी कंपनीचं, २०१८ मध्ये इथे मान्यता मिळाली. एकच डोस, म्हणून लोकांनी उचलून धरलं. पण विशेषतः लहान मुलांमध्ये त्याला कमी दाद देणारे विषाणू दिसायला लागले आणि डॉक्टर सावध झाले. आणखी एक, टॅमिफ्लू घेतलेली काही किशोरवयीन मुलं भ्रमात गॅलरीतून पडल्याच्या घटनांनंतर २००७ मध्ये दहा ते एकोणीस वयोगटाला ते देणं इथे जवळपास थांबवलं होतं. पुढे अभ्यास झाले, औषध न घेतलेल्यांतही फ्लूच्या तापात असं घडतं हे लक्षात आलं आणि २०१८ मध्ये ते बंधन काढलं. आता सांगतात की औषध घेतलं असो वा नसो, ताप आल्यापासून निदान दोन दिवस मुलाला एकटं ठेवू नका, खिडक्या लावून घ्या. भटकी मांजर, हे लक्षात असू द्या.

सांगलीची_सून

सगळं वाचलं. पण मला राहवत नाही. माझ्या सासूबाईंना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा जुनाट धापेचा आजार, होता. फ्लू झाला, एका रुग्णालयात दाखल केलं, तिथे "विषाणूचाच आहे, थांबून बघू" म्हणत अँटिबायोटिक उशिरा सुरू केलं. कफ पिवळा-हिरवा झाला होता, धाप वाढली होती, आम्ही वारंवार सांगत होतो. शेवटी व्हेंटिलेटरवर गेल्या आणि परतल्या नाहीत. त्यामुळे "थांबून बघा" हे शब्द ऐकले की माझा जीव वर-खाली होतो. आरोहीच्या आत्या म्हणतात त्यात मला वेडेपणा वाटत नाही, माया वाटते.

आरोही_ठाणे

ताई, वाचून डोळे भरून आले. खूप वाईट वाटलं.

छातीचा_डॉक्टर_नाशिक

सांगलीची सून, तुमचं दुःख मोठं आहे आणि तुमचा मुद्दाही वैद्यकीयदृष्ट्या खरा आहे. "थांबून बघा" हे फक्त घरी बऱ्यापैकी असलेल्या रुग्णासाठी असतं. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय: जो रुग्ण सुरुवातीलाच गंभीर आहे, जो बरा व्हायला लागून पुन्हा बिघडतोय, किंवा विषाणूविरोधी औषध सुरू करून तीन ते पाच दिवसांत सुधारत नाही, अशांमध्ये जिवाणूंचा संसर्ग शोधा आणि अँटिबायोटिकही सुरू करा. धाप लागलेल्या, दाखल रुग्णाला आम्ही दोन्ही औषधं पहिल्याच तासांत देतो आणि तपासण्या आल्यावर गरज नसलेलं थांबवतो. सीओपीडी असलेल्याचा कफ वाढला, रंग पालटला, धाप वाढली तर अँटिबायोटिक सुरू करायचा उंबरठा आणखी खाली येतो.

२००९ मध्ये अमेरिकेत मृत्यू झालेल्या ७७ रुग्णांच्या फुप्फुसांचे नमुने तपासले, त्यांतल्या २२ जणांत जिवाणू सापडले. म्हणजे आधुनिक काळातही ही गोष्ट पुस्तकापुरती नाही.

पेठेतला_जुना

मग साधा प्रश्न, डॉक्टर. दोन्ही गोळ्या घरीच एकदम सुरू केल्या तर नुकसान काय? आत्या तेच विचारतेय आणि वर अजून कुणी नीट उत्तर दिलेलं नाही.

मिरजेची_सुखदा

मी देते. पहिलं, अँटिबायोटिक आधीच घेऊन पुढचा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. उलट साधे जंतू मरतात आणि त्या औषधाला न जुमानणारे मागे उरतात. पुढे न्यूमोनिया झालाच तर तो या चिवट जंतूंचा असू शकतो आणि हाताशी औषधं कमी उरतात. दुसरं, अ‍ॅझिथ्रोमायसिनच का? आपल्याकडच्या न्यूमोकोकसमध्ये या गटाच्या औषधांना दाद न देण्याचं प्रमाण बरंच आहे. फ्लूनंतरच्या न्यूमोनियाचा सर्वात वाईट प्रकार स्टॅफिलोकोकस ऑरियसचा, तिथेही त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणजे आत्याला ज्याची भीती वाटते, त्याच्यावरच ते लंगडं पडण्याची शक्यता. तिसरं, वयस्कर माणसांत ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, विशेषतः हृदयाची इतर औषधं चालू असतील तर.

आणि मला सर्वात धोक्याचं वाटतं ते हे, की "औषध चालू आहे ना" म्हणून घरातले निर्धास्त होतात आणि दुसरा ताप येतो तेव्हा दोन दिवस वाया जातात.

केमिस्टकाका_कोल्हापूर

सुखदाताईंना अनुमोदन. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराची लाट आली तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांनाच जाहीर विनंती केली होती की सर्दी-ताप-खोकल्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन, अमॉक्सिक्लॅव्ह सरसकट लिहू नका. त्यात असंही होतं की ताप साधारण तीन दिवसांत जातो, खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. हे शेवटचं वाक्य मी दुकानात कागदावर लिहून लावलंय. कारण निम्मी अँटिबायोटिक्स लोक रेंगाळलेल्या खोकल्यासाठीच मागतात.

डोंबिवली_फास्ट

"परत ताप" म्हणजे काय, ते माझ्या भावाच्या अनुभवावरून सांगतो. वय चौतीस, कुठलाही आजार नाही, रोज धावणारा. फ्लू झाला, चार-पाच दिवसांत ताप गेला, तो ऑफिसच्या गोष्टी करायला लागला. मग एका संध्याकाळी हुडहुडी भरून १०३ ताप. श्वास आत घेतला की उजव्या बरगडीखाली कळ, आणि कफ गंजासारख्या रंगाचा. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, म्हणून त्याच रात्री नेलं. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा. शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं, आठवड्याने घरी आला. त्याला पहिल्या आजारात कुणी अँटिबायोटिक दिलं नव्हतं आणि दुसऱ्यात एक तासही दवडला नाही. दोन्ही निर्णय बरोबर होते असं मला मनापासून वाटतं.

आरोही_ठाणे

हे वाचून चित्र डोळ्यांसमोर आलं. आत्यालाही फोनवर वाचून दाखवलं. सुखदाताईंचा स्टॅफिलोकोकसचा मुद्दा ऐकून ती जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मग रोजचा ताप वहीत लिहायची जबाबदारी माझी." आजपासून ती मुक्कामाला आलीये.

बाबांचा ताप आज १०० च्या आत आहे, ऑक्सिमीटरवर ९६. क्रिएटिनिन गेल्याच महिन्यात केलं होतं, डॉक्टरांनी पाहिलं, मात्रा तीच ठेवलीये. साखर मात्र चढलीये. आणि आई ६५ ची आहे, तिला रक्तदाब. तिलाही गोळी द्यायची का?

छातीचा_डॉक्टर_नाशिक

फ्लूत साखर चढतेच. दिवसातून तीन-चारदा मोजा, जेवण कमी झालं असेल तर मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल फोन करून विचारा, मनाने बदलू नका. इनहेलर चालूच ठेवा. कुणी खोकल्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवल्या तर नुसत्या फ्लूसाठी त्या नकोत. दम्याचा झटका आला तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील.

आईंना लक्षणं नसतील तर संपर्कानंतर ४८ तासांत दिवसातून एकदा अशी प्रतिबंधक मात्रा देता येते, पण ती सगळ्यांना देत नाहीत, अति जोखमीच्या माणसांसाठी राखून ठेवतात. त्यांना वेगळ्या खोलीत झोपू द्या, खिडक्या उघड्या, दोघांनाही मास्क. ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

भटकी_मांजर

लशीचं कुणी बोललंच नाही! दरवर्षी घ्यायची ना? आणि कधी?

म्हापशेकर

आमच्याकडे गोव्यात डॉक्टर मे महिन्यात घ्या म्हणतात, पावसाच्या आधी. पत्नी गरोदर होती तेव्हा तिला दिली होती.

मिरजेची_सुखदा

म्हापशेकरांचे डॉक्टर बरोबर आहेत. महाराष्ट्र-गोव्याच्या पट्ट्यात फ्लूचा मोठा जोर जुलै ते सप्टेंबर, आणि एक लहान लाट जानेवारी ते मार्च. लशीचा परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून पावसाआधी. विषाणू सतत बदलतो म्हणून दरवर्षी. आधी चार विषाणूंची लस असायची, पण त्यांतला बी-यामागाटा हा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही, म्हणून आता पुन्हा तिघांचीच सुचवतात.

आणि या धाग्याचा विषय बघता दुसरी लस विसरू नका, न्यूमोकोकसची. बाळांना ती सरकारी लसीकरणात २०२१ पासून देशभर मोफत आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२० मध्ये आपली स्वतःची आणली, त्यामुळे ती परवडायला लागली. मोठ्यांना विकत घ्यावी लागते, पण मधुमेह, दमा, साठी ओलांडलेले, यांनी डॉक्टरांशी जरूर बोलावं. नेहमीच्या न्यूमोकोकसच्या प्रकारांविरुद्ध ती संरक्षण देते, मग वाट फ्लूने मोकळी केलेली असो की आणखी कशाने.

आकडेमोड

गोळीपेक्षा या दोन लशींवर आपला पैसा आणि आग्रह जायला हवा, हे मी पहिल्या प्रतिसादापासून म्हणायचं होतं. इथे डॉक्टरांशी माझं पूर्ण एकमत.

सांगलीची_सून

आरोही, तुझ्या तिसऱ्या प्रश्नावर माझं एक सांगणं. वहीत फक्त ताप लिहू नका. मिनिटाला श्वास किती, बसल्या जागी बोलताना मध्ये थांबावं लागतंय का, जेवण किती गेलं, लघवी नेहमीएवढी होतेय का, हेही लिहा. वयस्कर माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. सासूबाई आधी नुसत्या गोंधळल्यासारख्या बोलत होत्या. ते वयाचं आहे म्हणून सोडून देऊ नकोस, आणि डॉक्टरांना सांगताना आवाज चढवावा लागला तरी चालेल.

छातीचा_डॉक्टर_नाशिक

हे प्रत्येक नातेवाइकाने वाचावं असं आहे. त्यात भर: ऑक्सिमीटर ९४ च्या खाली राहिला किंवा श्वास मिनिटाला चोविसाच्या वर गेला तर उद्याची वाट बघू नका.

मिरजेची_सुखदा

माझी प्रयोगशाळेकडून एक विनंती. दुसरा ताप आलाच आणि अँटिबायोटिक सुरू करायची वेळ आली, तर शक्य असल्यास पहिल्या डोसच्या आधी कफाचा नमुना द्या. सकाळी चूळ भरून, खोल खोकून आलेला, लाळ नव्हे, आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोचलेला. एकदा औषध पोटात गेलं की जंतू वाढत नाहीत आणि कोणतं औषध लागू पडेल ते आम्हाला सांगता येत नाही.

डोंबिवली_फास्ट

आणि कफ निघतच नसेल तर?

मिरजेची_सुखदा

मग दाखल करताना रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, मागा. दोन वेगवेगळ्या जागांहून घेतलेलं असलं तर उत्तम. पण नमुना मिळत नाही म्हणून गंभीर रुग्णाचं औषध अडवून ठेवू नये, आधी डोस, बाकी सगळं नंतर.

केमिस्टकाका_कोल्हापूर

हे सगळं एका पानात उतरवून दुकानात लावलं तर चालेल का, डॉक्टर आणि सुखदाताई? नावं घालणार नाही. उद्या बाजाराचा दिवस आहे, गर्दी असते.

छातीचा_डॉक्टर_नाशिक

जरूर लावा. औषधांच्या मात्रा तेवढ्या वगळा, नाहीतर लोक पान वाचून गोळ्या मागतील. धोक्याच्या खुणा मोठ्या अक्षरांत घ्या.